चार वाजताची ट्राम

शुक्रवार, १ नोव्हेंबर

बुकिंग आलं. खरंखुरं, अनोळखी माणसाचं. आईच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मावशीचं नाही.

लिन्त्सहून गुद्रुन नावाच्या बाईंनी मेल केला आहे, त्यांच्या वडिलांसाठी. हेर ब्रेझिना, वय शहात्तर. सगळं आयुष्य इथे व्हिएन्नात गेलं. दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हापासून मुलीकडे. बॅटरीवरची चाकाची खुर्ची आहे. गुद्रुनबाई लिहितात की दोन वर्षं बाबा साधे बागेतसुद्धा गेले नाहीत, आणि मागच्या आठवड्यात अचानक म्हणाले, मला व्हिएन्ना बघायचंय. कुणाला तरी सोबत घेऊन, पण तुला नाही.

तर तो 'कुणीतरी' म्हणजे मी.

आज इथला पितरांचा दिवस, सगळं बंद. सगळं शहर हातात शेवंतीची कुंडी घेऊन कबरस्तानात. मी दिवसभर लिस्ट अपडेट केली. दोनशे चौदा जागा. हिरवी म्हणजे खुर्ची थेट आत. पिवळी म्हणजे एक पायरी, माझा फोल्डिंगचा रॅम्प चालतो. लाल म्हणजे विसरा. प्रत्येक दार मी स्वतः मोजलंय, टेप लावून, पंचवीस वर्षांच्या अनुभवाने (जन्मापासून खुर्चीत आहे, हा अनुभवच धरायचा).

आणि एक नियम: कुणी कुणाला उचलायचं नाही. भल्या माणसांनी आत्तापर्यंत मला बटाट्याच्या पोत्यासारखं भरपूर उचललंय. माझ्या टूरमध्ये ते बंद.

आई म्हणाली, "लिस्ट छान आहे गं. पण त्या माणसाला काय बघायचंय ते विचारलंस का?" मी म्हटलं, आई, टूर गाइडला ते ठरवता आलं पाहिजे. ती इस्त्री करत राहिली. आईची इस्त्री म्हणजे एक मत असतं.

इन्शुरन्सवाल्यांनी तीस तारखेपर्यंतच रजा दिली आहे. तोवर हे जमलं नाही तर पुन्हा तो हेडफोन, पुन्हा "आपला पॉलिसी नंबर सांगाल का". म्हणून ब्रेझिना आजोबा खूश होऊन लिन्त्सला गेलेच पाहिजेत. (तोंडावर हेर ब्रेझिना. इथे आजोबा. माझं जर्मन रस्त्यावरचं, इंग्लिश शाळेचं आणि मराठी आईचं, त्यामुळे डायरीत सगळे म्हातारे आजोबाच होतात.)

रविवार, ३ नोव्हेंबर

आले! स्टेशनवर रॅम्प वेळेवर, लिफ्ट चालू, सगळं मक्खन.

उंच माणूस. म्हणजे बसूनही उंच. डोक्यावर हिरवी हॅट, ती मला बघून पूर्ण काढली. मी माझं प्रिंट केलेलं टाइमटेबल दिलं, सहा दिवस, मिनिटासकट. त्यांनी वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवत म्हणाले, "छान. गाडी वेळेवर सुटायला हवी, डायरेक्टरीणबाई." इथे सगळ्यांना सगळे पदव्या देतात, पण डायरेक्टर मला अजून कुणी केलं नव्हतं. आवडलं.

त्यांच्याकडे चावीच नाही! ती एक चावी, जिच्याने देशभरातली आमची टॉयलेट उघडतात. माझ्या गळ्यात शाळेपासून आहे. मी विचारलं, दोन वर्षं तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, "पाय घेतला तेव्हा डॉक्टरांनी सही घेतली. बदल्यात चावी मिळते हे कुणी बोललं नाही." मी तिथेच फोनवरून त्यांचा अर्ज भरून टाकला.

एकच गोष्ट खटकली. हॉटेल. मी स्टेशनजवळची तीन सुचवली होती, बाथरूम एकदम झकास. त्यांनी आठव्या वॉर्डातलं जुनं पेन्शनच (म्हणजे छोटं घरगुती लॉज) हवं म्हणून हट्ट धरला होता. बाथरूमचं दार एकोणसत्तर सेंटिमीटर. खुर्ची त्रेसष्ट. जेमतेम. का असा हट्ट, काय माहीत. म्हाताऱ्या माणसांना सवयीचा वॉर्ड लागतो.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी म्युझियम. हिरवं, पूर्ण हिरवं, माझं लाडकं. त्यांना एका मोठ्या चित्रासमोर डुलकी लागली. मी अठ्ठावीस मिनिटं धरली होती त्या हॉलला, पण वीस मिनिटं झोपेतच गेली.

साडेतीनला त्यांनी घड्याळ बघितलं. मग परत बघितलं. मग म्हणाले की आता त्रेचाळीस नंबरची ट्राम घेऊ या. प्लॅनमध्ये गुलाबाची बाग होती. (नोव्हेंबरात गुलाब नसतात हे मान्य, पण रस्ता फार सुंदर, सगळा सपाट.) पण पाहुणा म्हणेल तसं.

ड्रायव्हरने रॅम्प टाकला, आम्ही दोघं आत. आजोबा खिडकीशी. काफे वेलिशसमोरच्या स्टॉपला ट्राम थांबली तसे ते पुढे वाकले, काचेवरची वाफ हातमोज्याने पुसली, आत बघितलं, आणि हळूच म्हणाले, "तीन."

मला इतका आनंद झाला! मी म्हटलं, बरोबर, तीन पायऱ्या, सोळा-सोळा सेंटिमीटर, कठडा फक्त उजवीकडे, टॉयलेट तळघरात. माझ्या लिस्टमध्ये लाल आहे.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "अगदी बरोबर, डायरेक्टरीणबाई."

दुसऱ्याच दिवशी माणूस पायऱ्या मोजायला शिकला. मला वाटतं माझ्यात शिकवण्याचं काहीतरी आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज पुन्हा ट्राम. पुन्हा तीच. आणि आज तर पावणेचारला स्टॉपवर थांबलो असताना एक गाडी आली, रिकामी, लो-फ्लोअर, रॅम्पवाली, आणि त्यांनी ती सोडून दिली! म्हणाले, ही तिथे तीन बावन्नला पोचेल. पुढची बरोबर चारला. मी म्हटलं, 'तिथे' म्हणजे कुठे? ते म्हणाले, "टाइमटेबलमध्ये बघा."

मग कळलं. ते एकतीस वर्षं ट्राम ड्रायव्हर होते! म्हणून तर. ट्रामवेडे आहेत. ड्रायव्हरने ब्रेक मारला की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो, मी बघितलं. "पोरगं बरं चालवतं," असं दोनदा म्हणाले, पोरगं म्हणजे पन्नाशीची बाई होती.

वेलिशपाशी परत वाकून "तीन". मी म्हटलं, हो, बदलल्या नाहीयेत. ते हसले.

येताना एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते. त्यांच्या काळात ट्रामला आत चढायला उंच पायऱ्या होत्या. स्टॉपवर कधी कुणी खुर्चीतून यायचं. ते म्हणाले, "मी आरशात बघायचो, बेल वाजवायचो आणि निघायचो. वाईट वाटायचं असं नाही. वाटायचंच नाही काही. गाडी वेळेवर हवी एवढंच." मग, "त्यात तुमच्याएवढी एक मुलगी असायची. दर बुधवारी. चढणार नाही हे माहीत असूनही यायची. नुसती बघायची."

मी म्हटलं, माझा जन्म तेव्हा झाला नव्हता, म्हणजे मी ती नाही. ते म्हणाले, "नशीब माझं."

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ऋजू, ते बाहेर बघतायत की आत?" मी म्हटलं, काय आत? ती म्हणाली, "काचेच्या." मी तिला समजावलं की आई, तो माणूस ट्राम ड्रायव्हर होता, त्याला ट्राम आवडते, इतकं सोपं आहे. तिने परत इस्त्री सुरू केली.

उद्या त्यांना असं सरप्राइझ देणार आहे की बस.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सरप्राइझ पाण्यात.

ट्राम म्युझियमला नेलं. आख्खी शेड भरून जुन्या ट्रामगाड्या. हिरवं, रॅम्प सगळीकडे, मी खास फोन करून त्यांच्या जमान्यातल्या गाडीचं केबिन उघडायला लावलं होतं. आधी त्यांना मजा आली. लाकडी बाकावरून हात फिरवला, तिथल्या माणसाला चार चुका काढून दाखवल्या. मग सव्वातीनला म्हणाले, चला. मी म्हटलं, अजून मेन गाडी बाकी आहे, आपण साडेचारला निघू. ते म्हणाले, चला. मी म्हटलं, पण केबिन—

"मला ट्राम बघायची नाहीये!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की एक शाळेची ट्रिप गप्प झाली. "एकतीस वर्षं ट्रामच बघितली मी. माझं टेबल बघायचंय मला."

तोवर साडेतीन झाले होते. इथून वेलिश चाळीस मिनिटं. आम्ही दोघं दोन गाड्यांच्या मधल्या रुळांवर बसून राहिलो, आणि त्यांनी सांगितलं. जसं आठवतं तसं लिहिते.

काफे वेलिशमध्ये खिडकीजवळचं दुसरं टेबल. सोमवार ते शुक्रवार, चार वाजता, तारोक, म्हणजे इथला पत्त्यांचा डाव. चौघं. एक हॉफराट साहेब (ही पदवी, नाव नाही), सरकारी खात्यातून रिटायर. एक पोल्डी, बेकरीवाला. एक फ्राउ हेर्मिने, हॅट बनवायच्या, आजोबांची हिरवी त्यांचीच. आणि हे. एकवीस वर्षं. अजून एकमेकांना अहो-जाहो करतात. तारोकमध्ये एक जण राजा मागतो, आणि ज्याच्याकडे तो राजा असतो तो त्याचा भिडू, पण गुपचूप. खेळता खेळता कळतं. त्या दिवशी राजा मागितला हेर्मिनेबाईंनी, आणि तो होता आजोबांकडे. आणि आजोबांनी त्यांचाच हात कापला. स्वतःच्या भिडूचा. दोनदा.

हेर्मिनेबाई म्हणाल्या, "ब्रेझिना, तुम्हाला आता पत्ते नकोत, जपमाळ द्यायला हवी."

आजोबा उठले, हॅट घातली, तीन पायऱ्या उतरून गेले. पाय तेव्हाही दुखत होता, डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटल. त्यानंतर लिन्त्स.

मी विचारलं, कुणीच फोन केला नाही? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, आणि तुम्ही? ते म्हणाले, मी का करायचा.

म्हणजे 'तीन' म्हणजे पायऱ्या नव्हत्याच. तीन माणसं. तिघं बसलेत म्हणजे चौथी खुर्ची अजून त्यांची. हे बघायला हा माणूस लिन्त्सहून आलाय. आणि मी त्याला कठडा कुठल्या बाजूला आहे ते सांगत होते. देवा.

मी म्हटलं, मग उद्या उतरू या ना. वेटरला हाक मारू, तिघांना दारात बोलावू. त्यांनी हॅट सरळ केली. "त्या दारातून मी दोन पायांवर बाहेर पडलोय. त्यांच्या डोक्यात मी तसाच असू दे."

गुरुवार, ७ नोव्हेंबर

चार.

बोलले नाहीत ते. मीच मोजले. हॉफराट साहेब (पांढरी मिशी), पोल्डी (गोल), हेर्मिनेबाई (जांभळी हॅट), आणि खिडकीकडे पाठ करून निळ्या स्वेटरमधला एक टकला. हातात पत्ते.

ट्राम निघाली. आजोबांनी काचेवर पुसलेली जागा परत वाफेने भरली, तरी ते तिकडेच बघत होते. शेवटच्या स्टॉपवर आम्ही उतरलोच नाही, त्याच गाडीने परत आलो, आणि वेलिशपाशी त्यांनी डोळे मिटून घेतले.

जेवले नाहीत. पेन्शनच्या दाराशी म्हणाले की उद्या काही नको, शनिवारी सकाळच्या गाडीने जातो, गुद्रुनला सांगू नका, मी सांगेन. वर म्हणाले की टूर उत्तम होती, ते तसं लिहूनही देतील. मला तसलं उत्तम नको होतं.

आई म्हणाली, जा झोप. इस्त्री केली नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळी नऊला मी वेलिशला गेले. अर्थात बाहेर. तीन पायऱ्या. छत्रीच्या टोकाने दाराची काच वाजवली. एक वेटर बाहेर आला, काळा कोट, हातावर पांढरा नॅपकिन, चेहरा असा की मी पोस्टाने चुकून आलेलं पार्सल. हेर अलोइस. हात पुढे करून म्हणाला, उचलतो. मी म्हटलं, उचलायचं नाही, बोलायचंय.

मी विचारलं, काल चारच्या टेबलावर निळा स्वेटर कोण होता. तो म्हणाला, गिऱ्हाइकांबद्दल आम्ही बोलत नाही. मी म्हटलं, हेर ब्रेझिनांची खुर्ची त्याला दिली का? तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तो? तो फ्राउ हेर्मिनेंचा नळ दुरुस्त करायला आला होता. चौथा लागतो ना. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी धरून आणतात. एक पोस्टमन झाला, एक नोटरी झाला. एका दुपारीपलीकडे कुणी टिकत नाही, त्या इतकं बोलतात. कालचा तर कोट विसरून पळाला."

मी म्हटलं, मग हेर ब्रेझिनांना फोन का नाही केला? दोन वर्षं?

तो चक्क दुखावला. "बाई, ते रुसून गेलेत. रुसलेल्या माणसाला कुणी फोन करतं का? रुसवा उतरला की तो आपणच येतो. तोवर जागा धरायची." आणि मग जरा खालच्या आवाजात, "यावेळी जरा लांबलाच, हे खरंय."

दोन वर्षं! चार म्हातारी माणसं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने आधी यायची वाट बघतोय. इथेच होऊ शकतं हे. माझा जन्म पुण्याचा असला तरी मी इथलीच आहे, त्यामुळे मला ते पटलंसुद्धा, तेच वाईट.

मला सांगायचं नव्हतं. शब्द दिला नव्हता, पण तरी. ते त्यांचं होतं, माझं नव्हतं. पण मी सांगितलं: रुसले नाहीयेत. पाय गेलाय. रोज चार वाजता समोरून ट्राममधून जातात आणि तुम्हाला मोजतात.

हेर अलोइसने हातावरचा नॅपकिन काढला, झटकला, परत ठेवला. मग म्हणाला, "चारला त्यांना या स्टॉपवर उतरवा."

मी म्हटलं, बॅटरीची खुर्ची आहे, एकशे तीस किलो, माझा रॅम्प एका पायरीपुरता आहे, आणि उचलायचं नाही हा माझा नियम आहे. तो म्हणाला, "मी वेटर आहे, बाई. हमाल नाही." आणि आत गेला.

आता आजोबांना आणायचं कसं? साडेतीनला पेन्शनवर गेले. ते बॅग भरत होते. मी म्हटलं, गुद्रुनसाठी बेकरीतून खसखशीचा श्ट्रुडेल घ्यायचा होता ना. म्हणाले, ठीक आहे, पण त्या रस्त्याने नाही. त्यांना पुढच्या चौकातून मेट्रोने जायचं होतं. आणि मी म्हटलं, तिथली लिफ्ट बंद आहे.

लिफ्ट चालू होती. मी सकाळीच त्याच लिफ्टमधून आले होते. लिफ्टबद्दल खोटं बोलणं म्हणजे आमच्यात पाप आहे, विहिरीत पाणी नाही म्हणून सांगण्यासारखं. पण बोलले.

चारची त्रेचाळीस. आज ते खिडकीपासून लांब बसले, पाठ करून. वेलिशचा स्टॉप आला. मी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं, त्याने रॅम्प टाकला. दार उघडलं, पाच डिग्रीची हवा आत आली, आणि आजोबांनी वैतागून वळून बघितलं.

फुटपाथवर टेबल होतं. खिडकीजवळचं दुसरं, संगमरवरी, तेच. पायऱ्या उतरून बाहेर आणलेलं. तिन्ही बाजूंना तिघं, ओव्हरकोटात, गुडघ्यांवर काफेची लाल ब्लँकेट्स, हॉफराट साहेबांच्या मिशीतून वाफ. पत्त्यांचा गठ्ठा मध्ये. आणि चौथ्या बाजूला खुर्ची नव्हती. मुद्दाम ठेवली नव्हती. नुसती मोकळी जागा.

आजोबा हलले नाहीत.

मी काही बोलले नाही, शपथ. टेबलावरूनही कुणी हाक मारली नाही, कुणी हात केला नाही, तिघं पत्त्यांकडे बघत बसले. ड्रायव्हर रॅम्पपाशी उभा. आतली माणसं माना वर करून बघायला लागली. मागून दुसरी ट्राम आली, थांबली, आणि तिने बेल वाजवली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

आणि तेच झालं. एकतीस वर्षं ज्याने गाडी वेळेवर सोडली, त्याच्यामुळे दोन गाड्या थांबल्यात हे त्यांना सहनच होईना. "अरे, वेळ चाललाय," असं ते कुणाला म्हणाले देव जाणे, खुर्चीची कळ पुढे ढकलली आणि उतरले. सरळ त्या मोकळ्या जागेत. खुर्ची बरोबर बसली.

हेर्मिनेबाईंनी गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "तुमची पाळी आहे वाटायची."

त्यांनी हातमोजे काढले. पिसताना दोन पत्ते खाली पडले. पोल्डीने ते वाकून उचलून दिले.

"मी रुसलो नव्हतो," आजोबा म्हणाले.

"मग?"

त्यांनी पँटच्या दुमडलेल्या पायावर हात ठेवला. बाईंनी बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, जशी एखादी हॅट बघावी तशी.

"मग तसं सांगायचं. आम्ही तिघं दोन वर्षं मूर्खासारखे नळवाल्यांना तारोक शिकवतोय."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी रुसलेल्यांना विचारत नाही." मग पत्ते हातात लावत, "आणि तो हात तुम्ही चुकीचाच कापलात."

"शुगर होती. राजा दिसला नाही मला."

"चष्मा बदलायचा."

बस. एवढंच झालं. हॉफराट साहेबांनी फक्त एक प्रश्न विचारला, ही खुर्ची ताशी किती किलोमीटर जाते. सहा, असं कळल्यावर म्हणाले, माझ्यापेक्षा पाच जास्त. हेर अलोइस चार कॉफ्या घेऊन आला, प्रत्येकीबरोबर पाण्याचा ग्लास, चांदीच्या ट्रेवर, जणू नोव्हेंबरात फुटपाथवर बसणं हा जुना रिवाज आहे. पाचवी कॉफी माझी. मी म्हटलं, मी मागवली नव्हती. तो म्हणाला, माहीत आहे.

अंधार पडेपर्यंत खेळले. मला तारोक काहीही कळलं नाही. भांडण मात्र पूर्ण कळलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आजोबा लिन्त्सला गेले नाहीत! पेन्शनची खोली महिनाअखेरपर्यंत वाढवली. गुद्रुनबाईंचा फोन आला, त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही. म्हणाल्या, बाबांनी काल रात्री स्वतःहून फोन केला आणि वीस मिनिटं फक्त पत्त्यांबद्दल बोलले.

सकाळी अकराला अजून एक फोन. हॉफराट साहेब. इतके हळू बोलत होते की मला वाटलं लाइन खराब आहे. त्यांना जाणून घ्यायचं होतं की "एखाद्या माणसाला" अशी खुर्ची हवी असेल तर सुरुवात कुठून करतात. मग हळूहळू निघालं. त्या तीन पायऱ्या त्यांना गेल्या वर्षापासून चढवत नाहीत. म्हणून ते अडीचलाच येतात, रस्त्यावर कुणी नसताना, कठड्याला धरून, एका पायरीला पाच मिनिटं. बाकीच्यांना वाटतं त्यांना पेपर वाचायची हौस आहे. "काल फुटपाथवर," ते म्हणाले, "वर्षभरात पहिल्यांदा मी चारला आलो." मंगळवारी दहा वाजता भेटायचं ठरलं. दुसरं बुकिंग! अट एकच, टेबलावर कळता कामा नये.

मग एक जरा लागलेली गोष्ट. उद्या रविवार, मी आजोबांसाठी राजवाड्याच्या बागेचा रूट काढला होता, नवीन, डांबरी, एकही खडा नाही. त्यांनी सांगितलं, उद्या तुम्हाला सुट्टी, डायरेक्टरीणबाई. मी म्हटलं, मग जेवायचं काय? रविवारी जवळची हिरवी हॉटेलं सगळी बंद असतात. ते म्हणाले, होईल काहीतरी. आणि न्हाव्याकडे जायला कुठला रस्ता सपाट आहे ते विचारलं. शनिवारी दुपारी, एवढ्या घाईने! माझं काही चुकलं का, दिवसभर डोक्यात तेच.

पण संध्याकाळी मूड परत आला, कारण हेर्मिनेबाईंचा फोन. माझा नंबर त्यांनी हेर अलोइसकडून घेतला. त्यांना माझ्या कामाबद्दल किती म्हणजे किती प्रश्न. बॅटरीची खुर्ची किती रुंद असते? म्हणजे ओटोची? ओटो म्हणजे ब्रेझिना आजोबा, हे कळायला मला दोन सेकंद लागले. मी म्हटलं, त्रेसष्ट. लाइनवर खुडबुड, मग म्हणाल्या, स्वयंपाकघराचं दार सत्तर आहे, पुरेल? मी म्हटलं, आरामात, पण गालिचा असेल तर गुंडाळून ठेवा, चाकात येतो. लिहून घेतलं त्यांनी. टेबल किती उंच लागतं तेही विचारलं. शेवटी विचारलं की शुगरवाल्या माणसाला आलुबुखाराचे डम्पलिंग दोन चालतील की एकच. ते मला कसं माहीत असणार? मी म्हटलं, एक.

एवढ्या वयात, शनिवार संध्याकाळी, दारांच्या मापात एवढा इंटरेस्ट. आईला सांगितलं तर ती इतकी हसली की इस्त्री बंद करून खाली बसली. काय झालं विचारलं तर सांगेना.